मोठा रॉक गिटारिस्ट कोणाला म्हणायचं? (सुरुवात टोनी आयोमीपासून)

सहावी_तार
शुक्रवार, रात्री ९:१२

मंडळी, गेल्या रविवारी मित्राच्या घरी या विषयावर दोन तास वाद झाला. घरी आलो तरी तो डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतोय. प्रश्न जुनाच: सगळ्यात मोठा रॉक गिटारिस्ट कोण? एकाने वेग मोजला, दुसऱ्याने विकल्या गेलेल्या रेकॉर्डी, तिसऱ्याने इंग्रजी मासिकांच्या याद्या काढल्या. माझं या तिन्ही मापांनी समाधान झालं नाही. माझं माप मला भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये सापडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सतरा वर्षं शीट मेटलच्या कामात आहे. वरून पंच खाली येतो, पत्रा कापला जातो, पंच परत वर. आता दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही आणि हात आत गेला तर मशीन जागेवर थांबतं. मी कामाला लागलो तेव्हा सगळीकडे असं नव्हतं. टपरीवर चहाचा ग्लास धरलेला हात बघितला की कोण प्रेसवर होता ते कळायचं.

१९६५ साली बर्मिंगहॅममधल्या अशाच एका कारखान्यात सतरा वर्षांचा एक मुलगा कामाला होता: टोनी आयोमी, पुढे ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारिस्ट झाला तो. त्याचं खरं काम वेल्डिंगचं. बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचं म्हणून त्याने नोकरी सोडली होती आणि तो त्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, काम अर्धवट टाकायचं नाही, जा. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला प्रेसवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तो हात नेमका उजवा.

डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. कारखान्यातला फोरमन मात्र घरी एक रेकॉर्ड घेऊन आला आणि म्हणाला, ऐक. वाजवणारा होता जँगो राइनहार्ट. १९२८ साली त्याच्या गाडीघराला आग लागली होती आणि डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती. उरलेल्या दोन बोटांवर त्याने ते सोलो वाजवले होते. हे कळल्यावर आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिची गोळी करून गरम इस्त्रीने आणि पॉलिश पेपरने टोप्या घडवल्या, आणि पकड यावी म्हणून त्यांच्यावर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं.

मागच्या महिन्यात मी एक प्रयोग केला. मी उजवा, म्हणून डाव्या हाताच्या त्याच दोन बोटांवर शिवणकामाची अंगुस्तानं चढवली, वर जुन्या पाकिटाचं चामडं लावलं आणि आठ दिवस रोज अर्धा तास वाजवलं. पहिल्याच दिवशी कळलं की बोटाला तार लागतच नाही. ती कुठे आहे हे डोळ्यांनी बघायचं, पुरेशी दाबली की नाही हे कानांनी ठरवायचं. कमी दाबली तर खरखर होते, जास्त दाबली तर सूर चढतो. साधा सी मेजर कॉर्ड धरला तरी शेजारची तार मुकी पडते. तार ओढून सूर चढवायला गेलो की टोपी घसरते. पाचव्या दिवशी लक्षात आलं की मी नकळत कॉर्ड सोडून दिलेत आणि तर्जनी-करंगळी या दोन शाबूत बोटांवर आलोय. मूळ स्वर आणि त्याचा पंचम, दुसरं काही नाही. ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो. मी कोणाची नक्कल करायला बसलो नव्हतो, हातच तिकडे गेला.

आता तारांचं बघा. जाड तारा त्याला दाबवेनात आणि तेव्हा इंग्लंडमध्ये बारीक तारांचा संच मिळत नव्हता, म्हणून त्याने बॅंजोच्या तारा लावल्या. पुढे ब्लॅक सबाथच्या १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी गिटारच तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीन अर्धस्वर उतरलं की कंपनसंख्या ८४ टक्के राहते आणि ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. दुखऱ्या बोटांसाठी ही केवढी सोय! आणि त्याच सोयीतून तो जड, खोल, दगड सरकवल्यासारखा आवाज आला.

पन्नास वर्षांत किती जणांनी गिटार खाली उतरवली ते आठवून बघा. सिॲटलचा साउंडगार्डन, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला कायस, डूम आणि स्टोनर या जड शैलींचे म्हणवणारे सगळे बँड. यांतल्या बहुतेकांची दहाही बोटं धड होती. तरी ते त्या दोन तुटक्या बोटांची भाषा बोलतात.

आपल्याकडे जाणकार सांगतात की घराणं मूळ पुरुषाच्या गळ्यातून निघतं. त्या गळ्याला जे जमतं ते फुलवलं जातं, जे जमत नाही ते टाळलं जातं, आणि पुढच्या पिढ्या ते टाळणंसुद्धा शिस्त म्हणून पाळतात. माझ्या मते मोठ्या रॉक गिटारिस्टची खूण हीच. त्याने आपल्या अडचणीतून एक आवाज काढला पाहिजे आणि ज्यांना ती अडचण नाही त्यांनाही तोच आवाज हवासा वाटला पाहिजे.

पटतं का? नसेल तर नक्की कुठे अडतं ते लिहा.

---

कोवळी_करंगळी
शुक्रवार, रात्री ९:३१

वाचतेय. अंगुस्तानाच्या प्रयोगाला सलाम.

---

रंगभवन_कट्टा
शुक्रवार, रात्री ११:०५

धागा सुंदर आहे, पण निष्कर्षाशी असहमत आणि तेही जोरात.

आम्ही धोबी तलावच्या रंगभवनाच्या दगडी पायऱ्यांवर बसून वाढलेली माणसं. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला, आणि पावसात भिजत आपलीच पोरं स्टेजवर बघितली. प्रत्येक बँडमध्ये एक तरी जण हेंड्रिक्सचं वाजवायचाच. मला सांगा, जिमी हेंड्रिक्सला काय अडचण होती? हात एवढे मोठे की अंगठा गिटारच्या मानेवरून पलीकडे आणून तो खालच्या स्वरांच्या तारा दाबायचा आणि चार बोटं वरच्या कामाला मोकळी. याला अडचण म्हणत नाहीत, ही श्रीमंती आहे.

डावखुरा होता आणि उजव्या माणसाची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरायचा, हे खरं. त्या गिटारचा पुलाजवळचा (तारा जिथे टेकतात तिथला) पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारं चुंबक, तिरका असतो. गिटार उलटी केली की तिरकेपणही उलटं होतं, जाड तारांचा आवाज धारदार होतो आणि बारीक तारांचा थोडा गोल. हा फरक त्याच्या आवाजात आहेच. पण केवळ त्याने कोणी हेंड्रिक्स होत नाही, गिटार उलटी धरणारे ढिगाने आहेत.

त्याचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. त्याच्याआधी अँप्लिफायर म्हणजे आवाज मोठा करायचं खोकं. अँपमधून निघालेला आवाज परत तारेत शिरला की शिट्टी वाजते, तिला फीडबॅक म्हणतात आणि साउंडवाले तिला घाबरतात. काही जणांनी ती गंमत म्हणून वापरली होती. हेंड्रिक्सने ती सुरात धरली. अँपपासून किती पावलांवर उभं राहायचं, अंग किती वळवायचं, यावर तो स्वर निवडायचा. तार, लाकूड, वीज आणि खोलीतली हवा हे सगळं मिळून एकच वाद्य आहे, हे त्याने दाखवलं.

वुडस्टॉक महोत्सवाची ती सकाळ आठवा. १८ ऑगस्ट १९६९, सोमवार. कार्यक्रम इतका लांबला होता की बहुतेक गर्दी घरी गेली होती, समोर चिखल आणि कचरा. त्या उजेडात त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. सूर ओळखीचा, आणि मध्येच त्याच सुरातून विमानं, स्फोट, किंकाळ्या. हा माणूस स्वतः पॅराट्रूपर होता, विमानातून उडी मारताना कानात काय होतं हे त्याला माहीत होतं. एक शब्द न उच्चारता त्याने व्हिएतनामबद्दल सगळं सांगून टाकलं. पुढच्या वर्षी १८ सप्टेंबरला गेला, वय २७.

माझं माप असं: ज्याच्यानंतर त्या वाद्याची हद्दच बदलली, तो मोठा. अडचण असो नसो.

---

ठेका_धरून
शनिवार, सकाळी ८:२०

मी ड्रमवाला, त्यामुळे माझं मत थोडं बाजूचं.

सगळे सोलोबद्दल बोलतात. बँडमध्ये माझ्या डाव्या बाजूला उभा राहणारा ऱ्हिदम गिटारवाला चुकला तर गाणं जागेवर बसतं, हे कोणी लिहीत नाही. माझ्यासाठी सगळ्यात मोठा माल्कम यंग. एसी/डीसी या बँडमध्ये लोकांचे डोळे शाळेच्या गणवेशात उड्या मारणाऱ्या अँगसवर. मोठा भाऊ माल्कम मागे, अँपला पाठ लावून, पाय ठोकत. त्याने ग्रेच गिटारमधले जादा पिकअप काढून टाकून एकच ठेवला होता, तारा जाड, आणि अँपवर विकृती (डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा फाटकेपणा) इतकी कमी की कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू यावा. जोर सगळा मनगटात. आणि खरी गोष्ट म्हणजे तो कुठे थांबायचा. दोन कॉर्डांमधल्या त्या रिकाम्या जागेत माझा स्नेअर ड्रम बसतो. रियाजाला कधीतरी फक्त त्या थांबण्यावर वाजवून बघा, छातीत ठोका चुकतो.

आजारपणामुळे २०१४ मध्ये तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही आला. अँगस आणि पुतण्या. सहावी_तार, तुमचा घराण्याचा मुद्दा इथे अक्षरशः लागू.

---

जवारी
शनिवार, दुपारी १:४५

मी मिरजेची. आमच्याकडे तीन पिढ्या सतारी-तंबोरे होतात. रॉक मला भावामुळे ऐकायला मिळालं, म्हणून भीतभीत लिहितेय.

रंगभवन_कट्टा यांनी अँपबद्दल लिहिलं त्यावर सांगावंसं वाटतं. तंबोऱ्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) नुसती बसवली तर तार वाजते, पण आवाज मुका असतो. मग बाबा कानस घेऊन घोडीचा माथा घासत बसतात. एक घास, तार छेडायची, ऐकायचं, परत एक घास. माथ्याला इतका सूक्ष्म उतार द्यायचा की कंप पावणारी तार त्याला हलकेच शिवत राहील. त्या शिवण्याने मूळ स्वराच्या वरचे स्वर जागे होतात आणि तंबोरा बोलायला लागतो. याला जवारी काढणं म्हणतात. एक घास जास्त झाला की नुसती झणझण, मग सगळं पहिल्यापासून.

भावाने मला सांगितलं की अमेरिकेत लिंक रे नावाच्या माणसाने १९५८ च्या सुमारास स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली, आणि १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने स्पीकर फाडला, कारण त्यांना स्वच्छ आवाज नको होता. मी ऐकून थक्क झाले. ही माणसं स्पीकरची जवारी काढत होती! फाटलेला कागदही तेच करतो, मूळ स्वरावर वरच्या स्वरांचा थर चढवतो. आयोमींचा पंचम इतका भरीव का वाजतो त्याचंही कारण हेच असावं. सा आणि पंचम हे दोनच स्वर, बाकी सगळं जवारी भरून काढते. तंबोऱ्यातही प-सा-सा-सा एवढंच तर असतं, आणि गंधार न छेडता ऐकू येतो.

म्हणून मला वाटतं, मोठा वादक तो ज्याला आपली जवारी सापडली.

---

सहावी_तार
शनिवार, दुपारी २:१०

जवारीताई, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. पॉवर कॉर्डमध्ये गंधार नसतो म्हणून तो ना मेजर ना मायनर, हे मी पंधरा वर्षं पोरांना सांगत आलोय. पण तंबोऱ्यातला न छेडलेला गंधार माझ्या डोक्यातही आला नव्हता. विकृती वाढवली की पॉवर कॉर्डमधूनही वरचा शुद्ध गंधार पुसटसा ऐकू येतो. आज रात्री परत ऐकणार.

कट्टासाहेब, हेंड्रिक्सपुढे मी हात टेकतो. पण तुम्ही ज्याला श्रीमंती म्हणताय ती येईपर्यंतची वाट बघा. ब्लूजमधून या माणसांच्या हाती जे आलं ते आधी कोणाच्या तरी अडचणीतून आलंय. बी. बी. किंगच्या आईच्या नात्यातला भाऊ बुक्का व्हाइट स्लाइड वाजवायचा, म्हणजे बोटात नळी घालून ती तारेवरून सरकवायचा. किंगला ते जमेना. तो रडवा सूर तर हवा होता, म्हणून त्याने बोटाने तार थरथरवायला सुरुवात केली. आज जगातला कुठलाही रॉक गिटारिस्ट लांब स्वर धरताना मनगट हलवतो तो त्या न जमलेल्या स्लाइडमुळे. अल्बर्ट किंग डावखुरा, उजवी गिटार तारा न बदलता उलटी धरायचा, म्हणून तार वर ढकलायच्या ऐवजी खाली ओढायचा. खाली ओढताना सगळा हात जोर देतो. हेंड्रिक्सच्या आणि स्टीव्ही रे व्हॉनच्या ओढण्यांत त्याचा हात आहे.

---

रेवा
शनिवार, रात्री १०:३०

मी कोल्हापुरात गिटार शिकवते, बारा वर्षं झाली. दोन गोष्टी लिहिते. पहिली कडवट आहे.

इतका वेळ एकाही बाईचं नाव आलं नाही. सिस्टर रोझेटा थार्प, जन्म १९१५, आर्कान्सॉ. चर्चमध्ये गाणारी. १९४४ मध्ये तिने रेकॉर्ड केलेल्या गॉस्पेल गाण्यात पुढे रॉक अँड रोल म्हणून जे आलं त्याचा ठेका आणि गिटारचा बाज आधीच आहे. चक बेरी, एल्व्हिस नंतरचे. मे १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी तिचा कार्यक्रम झाला. एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर ती. पाऊस नुकताच पडून गेलेला. जाड कोट घातलेली पन्नाशीची बाई घोडागाडीतून उतरते, पांढरी इलेक्ट्रिक गिब्सन गळ्यात अडकवते आणि पावसावरचंच गाणं सुरू करते. सोलो आला की शरीर मागे झुकतं, उजवा हात सुटतो आणि चेहऱ्यावर इतका आनंद की बघतच राहावं. वर्गातल्या मुलींना मी पहिल्या दिवशी ती चित्रफीत दाखवते. १९७३ मध्ये ती गेली. अनेक वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगड नव्हता. रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं २०१८ मध्ये. तिच्याकडून शिकलेल्यांना कधीच घेऊन झालं होतं.

म्हणून प्रभाव मोजताना जपून. ज्यांची नावं लिहिली गेली तेवढाच प्रभाव आपल्याला दिसतो.

दुसरी गोष्ट. मोठा असणं आणि प्रभाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि धाग्यात त्या एकत्र झाल्यात. ॲलन होल्ड्सवर्थ घ्या. त्याची लांबच लांब सरकती वाक्यं, सनईसारखा न तुटणारा स्वर आणि बोटं ताणून धरलेले विचित्र कॉर्ड. एडी व्हॅन हेलनसारखा वादक त्याला उघड मानायचा. पण त्याच्यामागे रस्ता उभा राहिला नाही, कारण त्या रस्त्यावर चालणं फार थोड्यांना झेपतं. तो लहान झाला का? आणि उलट, दोन्ही हातांनी मानेवर टॅपिंग करणं एडीच्या आधी होतं. जेनेसिस बँडचा स्टीव्ह हॅकेट १९७१ मध्ये करत होता. पण १९७८ मध्ये एडीने ते असं वाजवलं की जगभरची पोरं खोलीचं दार लावून बसली. पहिला कोण यापेक्षा कोणाचं ऐकून हात शिवशिवले, हे प्रभावात जास्त धरावं लागतं.

वर्गात मी एक परीक्षा घेते. वेग असलेल्या मुलांना डेव्हिड गिलमोरचे ते चार स्वर वाजवायला सांगते, १९७५ च्या पिंक फ्लॉइडच्या अल्बमच्या पहिल्या गाण्यातले. चारच स्वर, मध्ये भरपूर मोकळी जागा. चौदा वर्षांचा मुलगा ताशी शंभरच्या वेगाने बोटं पळवतो आणि इथे दुसऱ्या स्वरानंतर घाई करतो. शांतता त्याला सोसत नाही. मी म्हणते, ऐक, संपू दे, मग पुढचा. काही मुलांना हे दोन वर्षांनी जमतं.

---

ठेका_धरून
शनिवार, रात्री १०:४१

रेवाताई, +१०१. थार्पबाईंची चित्रफीत आत्ताच बघितली. डोळ्यांत पाणी आलं.

---

रंगभवन_कट्टा
रविवार, सकाळी ७:५०

रेवाताईंचा प्रतिसाद वाचून झोप लागली नाही. बरोबर आहे, चूक आमची.

थोडं अवांतर, पण गाण्यातल्या मोकळ्या जागेवरून आठवलं. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन. जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत होता आणि शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ यांच्यासारख्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करत होता. १९६६ पासून तो रविशंकरांकडे सतार शिकत होता. पुढे त्याला वाटलं की सतारीवर आपण त्या उंचीला पोचणार नाही आणि तो गिटारकडे परत आला. पण परतला तो स्लाइड घेऊन, आणि त्या स्लाइडमध्ये मींड आहे. स्वरावर थेट उडी नाही, खालून सावकाश येणं आणि पोचल्यावर न हलणं. ब्लूजवाल्यांच्या स्लाइडपेक्षा ती वेगळी वाजते ती त्यामुळे. सहावी_तार, आता माझ्याच तोंडून तुमचा मुद्दा निघाला: सतार सोडावी लागली म्हणून ती स्लाइड आली. हेंड्रिक्सबाबत मात्र मी मागे हटत नाही.

---

सहावी_तार
रविवार, सकाळी ९:१५

हटू नका. रेवाताईंचं मान्य केल्यावर मलाही मूळ वाक्य सुधारायला हवं. अडचण ही अट नाही, अडचण हे एक दार आहे, आणि हेंड्रिक्स दुसऱ्या दाराने आला. होल्ड्सवर्थबद्दलही बरोबर आहे, घराणं निघालं नाही म्हणून गवई लहान होत नाही. पण रॉकपुरतं बोलायचं तर माझा कल अजून तिकडेच आहे. हे संगीत गॅरेजमधल्या, कारखान्यातल्या, फारसं न शिकलेल्या पोरांनी उभं केलंय, आणि ज्याचं ऐकून एखादं पोर 'हे मलाही जमेल' म्हणत गिटार उचलतं, त्याला मी झुकतं माप देणार. आयोमीचे दोन स्वर उद्या कोणीही वाजवू शकतो. त्याच्यासारखे मात्र वाजत नाहीत, आणि ते का वाजत नाहीत हे शोधण्यात पुढची वीस वर्षं जातात.

---

ब्रॉड_स्ट्रीट
रविवार, दुपारी ३:३०

धागा उशिरा दिसला. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे नऊ वर्षं बर्मिंगहॅममध्ये. माझं रोजचं चालणं ब्रॉड स्ट्रीटवरून. तिथे कालव्यावरच्या पुलाला २०१९ मध्ये ब्लॅक सबाथचं नाव दिलंय, पुलावर चौघांच्या चेहऱ्यांचं लोखंडी बाकडं आहे. कारखाने आता बहुतेक गेले, कालव्याकाठी फ्लॅट आणि हॉटेलं झाली.

५ जुलै २०२५ ला व्हिला पार्कवर त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. ॲस्टन भागात, जिथे हे चौघे वाढले तिथूनच जवळ. मूळ चौघे २००५ नंतर पहिल्यांदा एकत्र. मला तिकीट मिळालं नाही. संध्याकाळी मी आणि बायको स्टेडियमबाहेरच्या गल्लीत जाऊन उभे राहिलो, आमच्यासारखे पुष्कळ होते. आत दिवसभर मेटॅलिका, स्लेयर, टूल, पँटेरा, गोजिरा असे बँड येत होते, आणि प्रत्येक जण स्वतःच्या गाण्यांबरोबर सबाथचं एखादं वाजवत होता. भिंतीच्या पलीकडून वरचे स्वर नीट कळत नव्हते, खालचे मात्र पायातून वर येत होते. अमेरिकन, फ्रेंच, कुठकुठली माणसं, पण प्रत्येकाने आयोमीचं वाजवायला घेतलं की आवाजाची जात एकच व्हायची. शेवटी ते स्वतः आले आणि शेजारची एक आजी म्हणाली, हा टोनी. बघितलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं.

सतरा दिवसांनी, २२ जुलैला त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला. पुलावर फुलांचा खच पडला होता. बाकड्यासमोर एक म्हातारा गृहस्थ टोपी काढून उभा होता. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं अपुरी होती. मी काही विचारलं नाही. सहावी_तार, तुमचा टपरीवरचा परिच्छेद वाचून तोच आठवला.

---

कोवळी_करंगळी
रविवार, दुपारी ३:५२

🙏

---

जवारी
रविवार, रात्री ११:२०

आज भाऊ घरी होता, म्हणून काल रात्रीपासून मनात होतं ते करून बघितलं.

सबाथच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यातले ते तीन स्वर त्याने वाजवून दाखवले. मूळ रेकॉर्डवर षड्ज पेटीवरची पांढरी पाच. सा, मग वरचा सा, मग तीव्र मध्यम. तीव्र मध्यम आम्हाला यमनातला. पण यमनात तो वाटेत भेटतो, पंचमाकडे नाहीतर गंधाराकडे घेऊन जातो, म्हणून गोड लागतो. आयोमी तिथेच थांबतात. बोट थरथरवत पंचमाला नुसतं शिवून येतात, पंचमावर बसत नाहीत. कान सारखा पंचम मागत राहतो आणि मिळत नाही. भीती वाटते ती त्यामुळे. मी दाराच्या चौकटीला धरून ऐकत होते.

पांढरी पाचचा तीव्र मध्यम म्हणजे काळी एक. आणि तिसऱ्या अल्बममध्ये सहावी तार पांढरी तीनवरून तीन पायऱ्या उतरवली की कुठे येते? काळी एक. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गवयांची पट्टी.

मग भावाने गिटार काळी एकला उतरवली. बाबांनी परवाच जवारी काढलेला मोठा पुरुषी तंबोरा त्याच पट्टीत लावलेला होता, गिऱ्हाईक मंगळवारी नेणार आहे. मी तंबोरा धरला, भावाने छोट्या अँपवर सा-पंचम एवढंच वाजवत ठेवलं, हळू. बाबा आत जेवत होते. ताट तसंच ठेवून बाहेर आले, हात न धुता उभे राहून ऐकलं आणि भावाला म्हणाले, "सहावी तार जराशी चढी आहे. उतरव."